ठकीचा सलाम

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. ठकी गाडीत सगळा वेळ झोपली आणि घराचं कुलूप उघडताक्षणी तिने भोकाड पसरलं, त्यामुळे आम्ही परत आल्याचं शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. तू दिलेल्या कापडाची दोन अंगडी आणि एक दुपटं शिवून झालं. गिरणीच्या लेखी त्या ताग्यात दोष होता म्हणे. मी डोळ्यांत तेल घालून शोधला, मला काही दिसला नाही. तुझी नजरच वेगळी.

फोन करणार होते. पण दहा वर्षं मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले आणि आवाज दुप्पट झाला, त्यामुळे तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडच्या गल्लीला बातम्या देणं. आपलं पत्रच बरं.

एक गोष्ट मनातून जात नाही. गिरणीत तुझ्या मैत्रिणींना बाळ दाखवायला गेलो आणि ठकीने नेमकं तेव्हाच दुपटं ओलं केलं. तू तिला बदलायला तुझ्या तपासणीच्या खोलीत नेलंस. मी दारात उभी होते. आत अंधार, आणि कापडावरचे तेलाचे डाग नि चुकून मिसळलेलं सूत शोधायचा तुझा तो जांभळा दिवा. त्याच्याखाली ठकी उघडी, पालथी. तू तिच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होतीस. मला फक्त तुझी पाठ दिसत होती. मी थट्टेने विचारलं, "पास की नापास?" तुला ऐकू गेलं नसावं.

परतीच्या प्रवासात नव्या जोड्यांनी माझा अंगठा रक्ताळला. नखाच्या कडेचा तो मांसाचा दाणा पुन्हा वाढलाय. आईच्याही पायाला होता ना? तिने दागिने तुला दिले आणि मला हा.

तुझी,
शेंडेफळ


१७ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

पत्र मिळालं. दागिने म्हणजे दोन बांगड्या, त्यातली एक वाकडी. हवी तर घेऊन जा.

इथे एक बातमी. माझी लेक परवा येऊन गेली. तिला तिसरा महिना लागलाय. जावई तिला खुर्चीसुद्धा सरकवू देत नाही. विहीणबाई खूश आहेत, पण त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. त्यांच्या घरात कुणाला चष्मा लागला तरी त्या सुनेच्या माहेरचे डोळे तपासतात. तेव्हा बाळ हातात येईपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसणार आहे. माझ्यासारखीला ते किती अवघड, तू जाणतेस.

ठकीचं लिहीत जा. काय खाते-पिते ते नको, ते सगळ्या बाळांचं सारखंच असतं. सकाळी जाग आल्यावर ती कशी असते ते लिही. उठल्यावरची पहिली दहा मिनिटं. मला उगीच बघावंसं वाटतं.

दाण्याला दोरा बांधू नकोस, आई बांधायची. परत येतो.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तू मनकवडी आहेस. उठल्यावरची पहिली दहा मिनिटं लिही म्हणालीस, आणि ठकीने त्याच दहा मिनिटांत एक नवी कला काढलीय. ती सलाम करते!

गेले पंधरा-वीस दिवस चाललंय. जाग आली, की मांडीवर बसल्या बसल्या एकदम मान खाली, दोन्ही हात बाजूला उडतात, मग पुढे येतात, आणि ती अशी वाकते की समोर कुणी राजा बसलाय. क्षणभर तशीच. मग सैल पडते. पाच-सात सेकंदांनी पुन्हा. असे दहा-बारा सलाम, आणि शेवटी रडू. टाळ्या कमी पडल्या म्हणून रडते, असं तिचा बाप म्हणतो. मग तो टाळ्या वाजवतो.

त्याला तर हे म्हणजे आयतं पीक. स्टुडिओतल्या लाल मखमली पडद्यासमोर तिला दुपारची झोपवली, दिवे लावून ठेवले आणि उठायची वाट बघत बसला. पंचवीस फोटोंतून एक साधला. मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय. गाठोडं घेऊन जाणारी बाई थांबते, शाळेची पोरं थांबतात. कालच एक जण म्हणाला, तुमची मुलगी नाटकात जाणार. सोबत एक प्रत पाठवतेय, नीट बघ. डोळे जरा वर गेलेत, पण तो म्हणतो त्यानेच मजा आलीय.

भाचीला जप म्हणावं. मळमळ थांबली का?

शेंडेफळ


३० एप्रिल

प्रिय शेंडेफळ,

उत्तराला उशीर झाला. गिरणीत निर्यातीचा माल आहे, दोन-दोन पाळ्या उभी असते.

फोटो मिळाला. भिंतीला लावला नाही, भिंतीला ओल आहे. कपाटात ठेवलाय. तुम्हीही काचेतला काढून ठेवा. उन्हाने रंग उडतो, फोटोवाल्याला मी काय सांगावं.

ती दिवसातून किती वेळा करते ते लिहिलं नाहीस. वाढलंय का? झोपेतून उठल्यावरच की एरवीही? एकदा डॉक्टरला दाखव. तसं काही नाही, दात येत असतील. पण दाखव.

लेक बरी आहे. पोट दिसायला लागलंय. परवा म्हणाली, आई, मला तुझी ती जांभळी खोली बघायचीय, लहानपणापासून तू मला आत येऊ दिलं नाहीस. मी म्हटलं, तिथे बघण्यासारखं काही नाही.

ताई


११ मे

प्रिय ताई,

डॉक्टरला दाखवलं. कोपऱ्यावरचाच, सगळ्या गल्लीचा. त्याच्यासमोर तिने एकही सलाम केला नाही, छान टुकूटुकू बघत राहिली. तो म्हणाला, पोटात वायू धरतो, बाळं अशीच आवळून घेतात. थेंब दिलेत. देतेय.

ताई, ती बदललीय. हे मी इथे कुणाला बोलले नाही. घरात सगळे हसतात तेव्हा मीही हसते. पण मार्चमध्ये ती माझ्या किल्ल्यांचा जुडगा दिसला की झेपावायची. आता जुडगा डोळ्यांसमोर वाजवला तरी ती माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघते. 'अग्गा, अग्गा' करायची, ते गेलं. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येत नाही, आणि त्याचीच लाज वाटते. आईला तारीख माहीत हवी ना? दात आल्याची तारीख मी लिहून ठेवलीय.

सलाम मात्र वाढले. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर खेपेला वीस-वीस, तीस-तीस. तिचा बाप आता टाळ्या वाजवत नाही. तो का वाजवत नाही हे मी विचारत नाही.

एक विचारायचंय. आपल्या दोघींच्या मधला गट्टू कसा गेला? आई म्हणायची, दात येताना ताप डोक्यात चढला. तो तिसऱ्या वर्षी गेला, तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. मी तर त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. तुला आठवत असेल. तो कधी असं वाकायचा का?

लवकर लिही.

शेंडेफळ


२० मे

प्रिय शेंडेफळ,

गट्टूला ताप होता. मी लहान होते, नीट आठवत नाही. आई म्हणायची तेच खरं असणार.

थेंबांनी गुण येत नसेल तर मोठ्या इस्पितळात दाखवून ये. उगीच घाबरू नकोस.

इकडे उकाडा फार. गिरणीतला पंखा बिघडलाय. लेकीच्या पायाला सूज आहे.

ताई


८ जून

ताई,

आम्ही बारा दिवस इस्पितळात होतो. तुला कळवलं नाही, कारण काय कळवायचं ते आधी मला समजून घ्यायचं होतं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आली, ओळखपत्राचा फोटो काढायला. लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होती, आता घरी असते. ती स्टुलावर बसलीच नाही. काचेतल्या फोटोसमोर उभी राहिली आणि विचारलं, "हिला असं दिवसातून किती वेळा होतं?" आमच्या फोटोवाल्याने सांगितलं. हे काय असतं असं त्याने विचारलं नाही, त्यावरून मला कळलं की त्यालाही आतून माहीत होतं. नर्सबाई म्हणाली, "दुकान बंद करा आणि बाळाला घ्या." ती आमच्याबरोबर इस्पितळापर्यंत आली. तिचा फोटो राहूनच गेला.

ते झटके आहेत, ताई. अपस्माराचे. जुने डॉक्टर त्यांना सलामाचेच झटके म्हणत, म्हणजे नावसुद्धा आमचं नवं नव्हतं. डोक्याला वीस तारा लावून मेंदूचा आलेख काढला. मी कधी असा आलेख पाहिला नव्हता, पण तो बिघडलेला आहे हे मलाही दिसलं. आधीच्या पानावरची ओळ पुढच्या पानावर कुठेच सापडत नव्हती.

मग डॉक्टरबाईंनी खोलीचा दिवा मालवला, ठकीला पालथं घातलं आणि हातातला एक छोटा दिवा लावला. जांभळा. ठकीच्या पाठीवर डागांची पांढरी पानं उमटली. एरवी दिसत नाहीत इतकी फिकट, त्या उजेडात मात्र लख्ख. बाई मोठ्याने मोजत गेल्या. सात.

त्यानंतर त्यांनी मला जोडा काढायला सांगितला. माझ्या अंगठ्याच्या दाण्याकडे बघून विचारलं, घरात आणखी कुणाला? मी पाकिटातला आईचा फोटो दाखवला. तिच्या गालांवरचे ते बारीक फोड, ज्यांना आपण जन्मभर मुरमं म्हणत आलो. बाईंनी मान हलवली.

हे रक्तात आहे. आईपासून माझ्यात आणि माझ्यापासून ठकीत. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. कुणाला नुसते डाग आणि एखादा दाणा मिळतो, आणि कुणाच्या मेंदूत गाठी असतात, त्यातून झटके. कुणाला काय मिळेल ते आधी सांगता येत नाही. ठकीच्या मेंदूत नऊ गाठी दिसल्या. हृदयाचं चित्र काढलं, मूत्रपिंडाचं काढलं. औषध सुरू झालंय. त्याने नजरेच्या कडा पुसल्या जाऊ शकतात. फोटोवाल्याने ते दोनदा विचारून घेतलं आणि सही केली.

मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, जितकं लवकर तितकं बरं असतं. एवढंच. चांगली बाई आहे. अडीच महिने, ताई. अडीच महिने आम्ही टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन त्याने काचेतला फोटो काढला. काचेत फोटोमागे लावलेल्या मखमलीचा रंग उन्हाने उडालाय, फक्त तेवढा चौकोन गडद राहिलाय.

तो उजेड मी आधी पाहिला होता. तू तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस. मला तुझं दुसरं काही नको, उकाडा नको, पंखा नको. एवढंच लिही: त्या दिव्याखाली तू किती मोजलेस?


१४ जून

शेंडेफळ,

सात.

आणि तू दारातून पास की नापास विचारलं होतंस, ते मला ऐकू आलं होतं.

गट्टूला ताप नव्हता. तो रोज सकाळी वाकायचा. आई चूल पेटवायची आणि मला त्याच्याजवळ बसवायची. किती वेळा वाकतो ते मोज म्हणायची, पण मनात, मोठ्याने नको. भिंतीपलीकडे ऐकू जातं. मग मी जाऊन तिच्या तळहातावर बोटाने आकडा लिहायचे. बाबांनाही कळू दिलं नाही तिने. या घराला डाग लागला तर तुला कोण करून घेईल, असं मला म्हणायची, आणि मी आठ वर्षांची. उन्हाळ्यात तो रापला की त्याच्या पाठीवर पांढरी पानं दिसायची. त्याला आंघोळ मीच घालायचे, त्यामुळे मला ती पाठ होती. एके दिवशी त्याचं वाकणं थांबेचना. एकशे चाळीसपर्यंत मी मोजलं. त्यापुढचे आकडे मला येत नव्हते असं नाही, आईने मला बाहेर पाठवलं.

मागांवरून मला तपासणीच्या खोलीत बदली मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी दिव्याखाली हात घातला आणि माझ्या दंडावर तीन पानं दिसली. महिनाभर मी मरायची वाट बघत होते. काही झालं नाही. मग मी ठरवलं की डागांना काही अर्थ नसतो. लेकीला मात्र त्या खोलीत कधी पाऊल टाकू दिलं नाही. अर्थ नसता तर टाकू दिलं असतं.

ठकीची पाठ पाहिली तेव्हा लेकीची बातमी मला कळून दोन दिवस झाले होते, तुला ती मी नंतर लिहिली. तुला सांगितलं असतं तर तिलाही सांगावं लागलं असतं. तिला सांगितलं की विहीणबाईंना कळणार. मी गप्प बसले आणि तुझ्या पत्रांची वाट बघत राहिले, की त्यात ते येऊ नये. दोन एप्रिलच्या पत्रात ते आलं. फोटो बघून तुला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत गट्टूचं लिहिलं होतं. तिन्ही फाडली आणि चौथ्यात भिंतीची ओल लिहिली.

मी दिवसाला शेकडो वार कापड बघते. सुताएवढा दोष असला तरी खडूने खूण करून बाजूला काढते, त्याशिवाय तागा पुढे जाऊ देत नाही. त्याचाच पगार घेते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ताई


१ जुलै

ताई,

औषधाच्या नवव्या दिवशी सलाम थांबले. ज्या दिवशी एकही झाला नाही, त्या दिवशी मी तिच्याजवळून उठलेच नाही. उठले तर होईल असं वाटत होतं. पण गेल्या मंगळवारी दूध पिताना तिच्या ओठाचा डावा कोपरा थरथरायला लागला, मग डावा हात. चार मिनिटं. ही वेगळी तऱ्हा. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध वाढवू, आणि असं पुन्हा होईल हे धरून चाला. आता स्वयंपाकघरात घड्याळ लावलंय. काट्यावर नजर आणि हातावर मूल, असं जगायला शिकतेय.

काल किल्ल्या वाजवल्या तर तिने मान वळवली. एकदाच. फोटोवाला म्हणाला, पुन्हा वाजव. मी वाजवल्या नाहीत.

तुला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. त्यासाठी लागणारा वेळ आत्ता माझ्याकडे नाही. आई गट्टूचं वाकणं तुझ्याकडून मोजून घ्यायची हे वाचल्यावर मी तुझ्यावर धड रागावूही शकत नाही, आणि त्याचाच राग येतो.

पण भाचीला सांगितलंस का?

तिला सातवा लागला असेल. डॉक्टरबाईंना विचारून आलेय. घरात हे आहे असं आधीच माहीत असेल तर बाळाचा आलेख जन्मल्यापासून ठरावीक दिवसांनी काढतात. झटके दिसायच्या आधी ते आलेखात दिसतात, आणि तेव्हाच औषध देता येतं. ठकीला जे मिळालं नाही ते त्या बाळाला मिळू शकतं. त्यासाठी कुणीतरी तोंड उघडायला हवं. विहीणबाई काय म्हणतील याचा विचार करशील तेव्हा माझ्या किल्ल्या आठव.

येत्या पंधरा तारखेपर्यंत वाट बघीन. नंतर मी तिला फोन करीन. तिचे कान चांगले आहेत. मात्र मावशीकडून कळलं आणि आईकडून नाही, हे ती जन्मभर विसरणार नाही.


११ जुलै

प्रिय शेंडेफळ,

काल लेकीला गिरणीत घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. मुकादमाला सांगितलं, दहा मिनिटं खोली हवी. तो म्हणाला, कसला माल बघायचाय? मी म्हटलं, घरचा.

लेक खुशीत होती. अखेर मुहूर्त लागला म्हणाली. पोट सावरत टेबलाच्या कडेला बसली. मी दिवा लावला आणि आधी माझी बाही वर करून दंड उजेडात धरला. तिला ती पानं फार सुंदर वाटली. कुणी रंगवलीत का, असं तिने विचारलं. मग मी गट्टूचं सांगितलं, सुरुवातीपासून, तळहातावरच्या आकड्यांसकट. मग ठकीचं. तुझी सगळी पत्रं बरोबर नेली होती, ती त्याच उजेडात तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली. माझी तुला गेलेली पत्रं तिच्याकडे नव्हती, पण तुझ्या उत्तरांवरून ती काय होती ते तिला कळलं. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "तू मला लहानपणी आंघोळ घालायचीस तेव्हा काय बघायचीस?" मी म्हटलं, डोळे मिटून घालायचे. ते खरं आहे.

तिने पाठ केली आणि पदर, ब्लाउज सगळं स्वतःच बाजूला सारलं. तिने मला हात लावू दिला नसता.

एक डाव्या खांद्याखाली. एक त्याच्या बाजूला, लहान. एक कमरेवर. मी मोजलं, शेंडेफळ. मोठ्याने मोजलं. माझा आवाज तुला माहीत आहे. जेवणाऱ्या बायका डबे ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या, मुकादम त्यांच्या मागे. लेक म्हणाली, दार लाव. मी दार लावलं, आणि चौथं मोजलं ते बंद दारातूनही बाहेर गेलं असणार.

चार आहेत. डॉक्टरबाईंचा पत्ता काढून ठेव. सोमवारी तुझ्याकडे निघतोय. जावई बरोबर आहे. विहीणबाईंना लेकीनेच रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं, असं ती म्हणाली.

बाळ फिरतं पोटात. येताना गाडीत तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. रागातच, पण ठेवला. आत काहीतरी हललं. मग थांबलं. मग पुन्हा, सारख्या अंतराने, पुन्हा. उचकी असेल. पोटात बाळांना उचकी लागते, तुझ्या वेळी आईनेही मला हात लावू दिला होता.

मी मोजत होते. लेकीने विचारलं, किती झाले. मी सांगितलं.

ताई